निकालाच्या संध्याकाळी ओबामांचा हिशोब

मी पेनसिल्वेनियात एका कम्युनिटी कॉलेजमध्ये राज्यशास्त्र शिकवते. ॲलनटाऊन, बेथलेहेम, ईस्टन हा जो पट्टा आहे ना, लीहाय व्हॅली, तिथे. माझा संध्याकाळचा क्लास असतो, म्हणजे दिवसभर गोदामात, हॉस्पिटलात, दुकानात राबून मग येणारी मंडळी, वयं एकोणीसपासून साठीपर्यंत काहीही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सेमिस्टरचा अभ्यासक्रम छापला तेव्हा ९ नोव्हेंबरच्या बुधवारपुढे मी लिहून ठेवलं होतं, "ओबामांचं परराष्ट्र धोरण, आठ वर्षांचा हिशोब". निवडून कुणीही येवो, ओबामा जाणार हे नक्की होतं, त्यामुळे तारीख अगदी बरोबर वाटली होती.

त्या दिवशी पहाटे अडीचच्या सुमारास ट्रम्प जिंकल्याचं जाहीर झालं. दुपारपर्यंत हरलेल्या हिलरी क्लिंटन यांचं भाषण झालं, मग व्हाइट हाऊसच्या बागेतून ओबामांचं झालं. मध्येच सांगलीहून भावाचा फोन, पाचशे-हजारच्या नोटा बंद, बँका बंद, एटीएम बंद, घरात लग्न आलंय आणि काय करायचं कळत नाही. त्याला धड दोन वाक्यंसुद्धा बोलता आली नाहीत माझ्याकडून. एका सहकाऱ्याने सुचवलं की आजचा क्लास रद्द कर, पोरं ऐकण्याच्या मनःस्थितीत नाहीत. मला ते पटलं नाही. आमचं राज्य साठ लाखांवर मतांमधून फक्त ४४ हजारांनी ट्रम्पकडे गेलं होतं, आमच्या शेजारची नॉर्थहॅम्प्टन काउंटी दोनदा ओबामांना मत देऊन या वेळी फिरली होती, म्हणजे ज्या लोकांनी हा निकाल घडवला ते अक्षरशः माझ्या वर्गात बसलेले होते. मग आज नाही बोलायचं तर कधी?

वर्गात शिरले तर नेहमीच्या जागा बदललेल्या. नर्सिंग असिस्टंट म्हणून काम करणाऱ्या दोघीजणी एका कोपऱ्यात, डोळे सुजलेले, आणि दुसऱ्या बाजूला तीन-चार जण जरा जास्तच ताठ बसलेले. मी बॅग ठेवेपर्यंत सुरू झालंच. एक जण म्हणाला, "प्रोफेसर, आज हिशोब कसला करायचा, लोकांनी काल करून टाकला, ओबामा नापास." त्यावर कोपऱ्यातून लगेच उत्तर, "एकूण मतं हिलरींनाच जास्त आहेत, मग पास म्हणा." (मोजणी चालूच होती तेव्हा, शेवटी तो फरक २८ लाखांच्या वर गेला.) मी दोघांनाही थांबवलं आणि म्हटलं, हे दोन्ही मला मान्य नाही. ओबामा मतपत्रिकेवर नव्हते. त्या आठवड्यातल्या पाहण्यांमध्ये निम्म्याहून जास्त लोक त्यांच्या कामावर समाधानी होते आणि तरी त्यांच्या पक्षाची उमेदवार पडली, तेव्हा कालच्या मतदानातून लिबियाचा किंवा इराणचा निकाल वाचायला जाऊ नका. ते धोरण ज्यांच्या अंगावरून गेलं त्यांना विचारा, आणि निर्णयाच्या दिवशी काय माहीत होतं तेवढ्यावरच बोला. मग बोर्डवर रकाने काढले. तारीख, त्या दिवशी काय माहीत होतं, दुसरा मार्ग कोणता होता, आणि किंमत कोणी मोजली.

पहिला बोलला तो कंदाहारला जाऊन आलेला एक माजी सैनिक. एरवी पूर्ण सेमिस्टरमध्ये तोंड न उघडणारा माणूस. तो उठून बोर्डापाशीच आला, तारीख लिहिली १ डिसेंबर २००९. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतलं भाषण. अफगाणिस्तानात आधीच ६८ हजारांच्या आसपास सैनिक होते, ओबामांनी आणखी ३० हजार पाठवायचं जाहीर केलं आणि त्याच भाषणात सांगून टाकलं की जुलै २०११ पासून परत आणायला सुरुवात करू. हा २०१० च्या उन्हाळ्यात अर्घंदाब खोऱ्यात पोचला. तिथे सगळीकडे डाळिंबाच्या बागा, मातीच्या भिंती, आणि भिंतीतल्या प्रत्येक खिंडारात सुरुंग असू शकतो म्हणून हे लोक दारातून कधी जायचेच नाहीत, शिड्या घेऊन भिंतीवरून चढून जायचे. तो म्हणाला, "गावातला म्हातारा आम्हाला चहा द्यायचा आणि विचारायचा, तुम्ही पुढच्या वर्षी जाणार ना? त्याला तारीख पाठ होती. तालिबानलाही पाठ होती. तो आमच्या बाजूने उभा राहिला असता तर आम्ही गेल्यावर त्याचं काय झालं असतं हे त्यालाही कळत होतं आणि मलाही." मग चौथ्या रकान्यात त्याने काही न लिहिता फक्त एवढं सांगितलं की गेल्याच आठवड्यात अफगाणिस्तानात कुंदुझमध्ये आपले दोन सैनिक मेलेत, वर्गात कुणी वाचलं का? कुणीच वाचलं नव्हतं. निवडणुकीच्या गदारोळात ती बातमी कुठे होतीच म्हणा.

आणि मत कुणाला दिलं विचाराल तर त्याने दिलंच नव्हतं, दोघांपैकी कुणालाच नाही. ताठ बसलेली मंडळी त्याला आपला समजून टाळ्या वाजवायच्या बेतात होती, ती गप्प झाली.

यानंतरची पाऊण तास चाललेली चर्चा मी शिकवायला लागल्यापासून ऐकलेली सगळ्यात अवघड चर्चा होती. ॲलनटाऊनमध्ये सीरियन ख्रिश्चनांची मोठी वस्ती आहे, शंभर वर्षांपासूनची, बरेचसे वादी अल-नसारा म्हणजे ख्रिश्चनांच्या खोऱ्यातून आलेले. त्यातली एक मुलगी माझ्या क्लासमध्ये होती, युद्ध सुरू झाल्यावर आईबरोबर आलेली. कोपऱ्यातल्या एकीने विषय काढला, ओबामांनी ऑगस्ट २०१२ मध्ये रासायनिक अस्त्रांची लक्ष्मणरेषा आखली, वर्षभराने २१ ऑगस्ट २०१३ ला दमास्कसजवळ घूतामध्ये शेकडो माणसं, पोरंबाळं गुदमरून मेली, आणि तरी त्यांनी हल्ला केला नाही, काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे गेले, हा त्यांच्यावरचा सगळ्यात मोठा डाग आहे. तिला वाटलं सीरियन मुलगी मान हलवेल. ती म्हणाली, "नाही."

मग तिने बोर्डवर एक टेकडी काढली, टेकडीवर किल्ला, क्राक दे शेव्हालिए, धर्मयुद्धांच्या काळातला, आणि खाली तिचं गाव. त्या किल्ल्यात बंडखोर बसले होते आणि तिथून खाली गावांवर गोळीबार व्हायचा, मार्च २०१४ मध्ये अध्यक्ष असदच्या सरकारी सैन्याने किल्ला परत घेतला तेव्हा कुठे तिची आजी अंगणात झोपायला लागली. "असद चांगला आहे असं मी म्हणत नाही. माझ्या मामाला त्याच्याच लोकांनी उचलून नेलं होतं. पण तुम्ही म्हणता बंडखोरांना शस्त्रं द्यायला हवी होती, ती दिली, आणि ती कुठल्या किल्ल्यात गेली ते तुम्हाला माहीत नाही, मला माहीत आहे." त्यावर पहिली म्हणाली, मग घूतातल्या मुलांचं काय? आणि हिने खूप वेळ उत्तर दिलं नाही. मीही मध्ये पडले नाही. शेवटी ती म्हणाली, "मला दोन्ही गावं वाचलेली हवी होती, आणि ते कसं करायचं हे मला येत नाही."

मी फक्त माझ्याकडच्या तारखा मांडल्या. १८ ऑगस्ट २०११, ओबामांनी जाहीर केलं की असदने पायउतार व्हावं. ते घडवून आणायचा मार्ग हाताशी नव्हता. ३१ ऑगस्ट २०१३, हल्ल्याआधी काँग्रेसची मंजुरी मागायची ठरली. सप्टेंबरमध्ये रशियाच्या मध्यस्थीने सौदा झाला आणि पुढच्या वर्षात सुमारे १,३०० टन रासायनिक साठा देशाबाहेर गेला, पण क्लोरीनचे हल्ले थांबले नाहीत. बंडखोरांना उघडपणे प्रशिक्षण द्यायला पेंटागॉनला ५० कोटी डॉलर मिळाले, आणि २०१५ च्या सप्टेंबरमध्ये सिनेटपुढे खुद्द जनरलने सांगितलं की प्रत्यक्ष लढणारे चार-पाच जण आहेत. हे ऐकून तो सैनिक इतक्या वेळात पहिल्यांदा हसला, आणि ते हसणं बघवत नव्हतं.

मागच्या बाकावर एक काका बसायचे, साठीला टेकलेले, आयुष्याची निम्मी वर्षं बेथलेहेम स्टीलमध्ये घालवलेले. १९९५ मध्ये इथल्या भट्ट्या विझल्या, २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, आता त्या जागेवर कॅसिनो आहे आणि जुन्या भट्ट्यांना रात्री रंगीत दिवे लावतात. ओबामांना दोनदा मत दिलेलं, काल ट्रम्पना. ते म्हणाले, "तुमच्या बोर्डवर माझं परराष्ट्र धोरण कुठे आहे? माझ्यासाठी परराष्ट्र म्हणजे व्यापार. ओबामा शेवटपर्यंत टीपीपी, तो पॅसिफिकभोवतीच्या बारा देशांचा व्यापार करार, रेटत होते." मी म्हटलं की टीपीपीच्या बारा देशांत चीन नव्हता, उलट चीनला बाजूला ठेवून नियम ठरवायचे हाच त्यामागचा विचार होता, आणि तुमच्या भट्ट्या तर चीन २००१ मध्ये डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत यायच्या आधीच विझल्या होत्या. "ते मला ठाऊक आहे हो," ते म्हणाले, "पण मला विचारायला कोण आलं होतं? बारा देशांना विचारलं." यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं, कारण तो करार वर्षानुवर्षं बंद दाराआड ठरला हे खरंच होतं. टीपीपी बोर्डवर लिहिलं आणि चौथा रकाना त्यांना भरायला दिला.

क्युबाशी संबंध आणि पॅरिसचा हवामान करार पटकन आटोपलं. पॅरिस करार तर नेमका आदल्या शुक्रवारी, ४ नोव्हेंबरला लागू झाला होता. ड्रोनवर मात्र परत थांबलो. त्याच वर्षी १ जुलैला सरकारने पहिल्यांदा आकडे दिले होते, २००९ ते २०१५, युद्धक्षेत्राबाहेर ४७३ हल्ले, २,३७२ ते २,५८१ अतिरेकी ठार, आणि ६४ ते ११६ सामान्य माणसं. बाहेरच्या संस्थांचे आकडे याच्या कितीतरी वर होते. आणि हे सगळं ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर काँग्रेसने केलेल्या २००१ च्या साठ शब्दांच्या एका ठरावाच्या आधारावर. सुजलेल्या डोळ्यांची दुसरी मुलगी इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली, "म्हणजे २० जानेवारीला ही सगळी यंत्रणा जशीच्या तशी ट्रम्पच्या हातात जाणार? आणि इतकी वर्षं आम्ही काही बोललो नाही, कारण माणूस आवडता होता?" त्या रात्री वर्गात जे काही बोललं गेलं त्यातलं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

शेवटी त्यांनी मला धरलं, तुमचं मत सांगा. एरवी मी टाळते, त्या दिवशी टाळणं बरोबर वाटलं नाही. मी म्हटलं, इराणचा अणुकरार हे माझ्या मते त्यांचं सगळ्यात चांगलं काम. युरेनियम समृद्ध करणारी एकोणीस हजारांच्या आसपास यंत्रं, म्हणजे सेंट्रिफ्यूज, सहा हजारांवर आले, युरेनियमचा साठा दहा हजार किलोंवरून तीनशेवर आला, एक गोळी न झाडता. सगळ्यात वाईट लिबिया. नागरिकांना वाचवायला म्हणून २०११ मध्ये सुरक्षा परिषदेचा ठराव घेतला (भारत तेव्हा तटस्थ राहिला होता), आणि त्याचं रूपांतर सत्ता उलथवण्यात झालं. पुढचं नियोजन केलं नाही ही आपली सर्वात मोठी चूक, हे ओबामांनी स्वतःच २०१६ च्या एप्रिलमध्ये मुलाखतीत मान्य केलं होतं. अफगाणिस्तानातल्या वाढीव सैन्याबद्दल मी या सैनिकाच्या बाजूने आहे. सीरियात हल्ला न करणं ही चूक होती असं मला वाटत नाही, चूक २०११ च्या "असदने पायउतार व्हावं" या वाक्यात होती, ज्याच्या भरवशावर लोक रस्त्यावर टिकून राहिले आणि मदत त्या वाक्याइतकी कधीच आली नाही. सीरियन मुलीला यातलं अर्धंच पटलं. घूताचा विषय काढणारीला काहीच पटलं नाही, आणि दोघीही सेमिस्टर संपेपर्यंत माझ्याशी आणि एकमेकींशी भांडत राहिल्या, त्याचा मला आनंदच झाला.

आणखी एक गोष्ट मी त्या रात्री आवर्जून सांगितली. इराणचा करार हा सिनेटने मंजूर केलेला तह नव्हता, त्यासाठी ६७ मतं लागली असती आणि ती कधीच मिळाली नसती. पॅरिसचंही तेच. जे सहीने आलं ते सहीने जाऊ शकतं, म्हणून हिशोबात हेही धरा. त्यानंतर २३ जानेवारी २०१७ ला टीपीपी सोडला, १ जून २०१७ ला पॅरिसमधून बाहेर पडायची घोषणा झाली, ८ मे २०१८ ला इराणचा करार सोडला, आणि मार्च २०१९ मध्ये ड्रोनहल्ल्यांत मेलेल्या नागरिकांचे आकडे जाहीर करण्याचं बंधनही काढून टाकलं. एकाही गोष्टीला काँग्रेसचं मत घ्यावं लागलं नाही.

तो बोर्डवरचा तक्ता मी अजून वापरते. ऑगस्ट २०२१ मध्ये कंदाहार पडलं त्या आठवड्यात त्या सैनिकाचा मेल आला, इतक्या वर्षांनी. त्याने लिहिलं होतं की आता माझ्या ओळीत बाकीच्या तारखाही घाला, तालिबानशी दोहाचा करार २९ फेब्रुवारी २०२०, तो ट्रम्पचा, माघारीचा निर्णय बायडनचा, २००१ ला युद्ध सुरू करणं बुशचं, आणि मग तुमच्या नव्या पोरांना विचारा की ही ओळ कोणत्या अध्यक्षाच्या नावावर टाकायची. पुढच्या सेमिस्टरला मी ते वर्गात वाचून दाखवलं. पोरं एक तास भांडली, आणि ब्रेकमध्ये कॉफीच्या मशीनपाशी उभी राहूनही तेच चाललं होतं.