एकोणऐंशीवर ठेवलाय

आमच्या घरात एसी एकच. सांगलीच्या विश्रामबागेतलं हे घर तसं चार खोल्यांचं, पण एप्रिल लागला आणि पारा चाळिशीला टेकला की चारही खोल्यांची एक खोली होते. आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, पलंग खिडकीकडे, आमच्या गाद्या खाली, लेक भिंतीच्या कडेला. मधोमध उशीवर रिमोट. सगळं रामायण तिथून सुरू होतं.

ह्यांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. दिवसभर पोत्यांच्या धुळीत उभं राहून सौदे करायचे आणि कानाच्या पाळीपर्यंत पिवळं होऊन घरी यायचं. हातपाय धुवायच्या आधी रिमोट. टीं, टीं, टीं, थेट सोळा! मला सव्वीस पुरे होतात, वर पंखा दोनवर असला की झालं. आत्यांना एसीच नको. मे महिन्यात त्या वाकळ पांघरतात, कानाला मफलर गुंडाळतात आणि मफलरमधून बोलतात, "एवढं गार पायजे तर हरिपूरच्या पेवात जाऊन झोप की. हळदीबरोबर तूबी टिकशील." हरिपूर त्यांचं माहेर. जमिनीखालच्या पेवांत हळद साठवलेली त्यांनी लहानपणापासून बघितलीय, त्यामुळे लेकाला तिथं ठेवण्यात त्यांना काही वावगं वाटत नाही.

हा एसी आम्ही २०२१ मध्ये घेतला. कंपनीतूनच चोवीसवर लावून आलेला, कारण १ जानेवारी २०२० पासून तसा नियमच आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे आकडा एका अंशानं वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते. मी हे ह्यांना लाईट बिल हातात धरून वाचून दाखवलं. उत्तर आलं, "दिल्लीवाल्यांनी एकदा सौद्याला उभं राहून दाखवावं, मग सांगावं."

सोळावर नेलं की खोली लवकर गार होते, हा ह्यांचा पक्का सिद्धांत. सर्व्हिसिंगला येणाऱ्या पोरानं तो मोडून काढला. "काका, तुमचा एसी बिनइन्व्हर्टरचा, म्हणजे एकाच वेगानं चालणारा. टाकीत मोटरनं पाणी चढवताय असं समजा. टाकी मोठी घेतली म्हणून मोटर जोरात पाणी फेकती का? तेवढंच फेकणार, फक्त जास्त वेळ चालणार." ह्यांनी मान डोलावली, त्याला चहा पाजला, तो फाटकाबाहेर पडताच सोळा केलं.

गेल्या मे महिन्यात माझी भाची अमेरिकेहून आली. तिच्या घरी एसी बहात्तरवर असतो, हे ती सहज बोलून गेली आणि आत्या दचकल्या. तिचं चार वर्षांचं पोरगं दुपारभर रिमोटशी खेळलं आणि संध्याकाळी दोघं मिरजेला पाहुण्यांकडे गेली. त्यानं वरचं आणि खालचं बटण एकदम दाबलं होतं आणि आकडे फॅरनहाइटमध्ये गेले होते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

रात्री हे आले. पडद्यावर पंच्याहत्तर. "कुणी भट्टी लावलीय?" म्हणत टीं-टीं करत खाली आणलं ते एकसष्टला अडकलं. त्याच्या खाली जाईना. "बिघडला. सोळावर जातच नाही. गरम हवा मारतोय बघ." लेक चादरीत गुरफटून दात वाजवत होती, ह्यांच्या स्वतःच्या दंडावर काटा उभा होता, तरी माणूस टॉवेलनं वारा घेत होता. आकड्यानंच घाम फुटलेला.

"किती म्हणतोय त्यो?" पलंगावरून आवाज आला.

"एकसष्ट."

"एकसष्ट? मग गेलंच की ते माणूस."

आमच्या घरात फॅरनहाइट खरं कळतं ते फक्त आत्यांना. पाच पोरांच्या काखेत थर्मामीटर लावून, झटका देऊन पारा उतरवून, दिव्याखाली तिरका धरून त्यांनी ताप वाचलाय. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा म्हणजे बरं, एकशे दोन म्हणजे कपाळावर पट्ट्या. आपल्याकडे ऊन सेल्सिअसमध्ये तापतं आणि पोर फॅरनहाइटमध्ये, याचं कुणालाच काही वाटत नाही.

भाचीनं फोनवर हिशेब सांगितला: बत्तीस वजा करायचे, पाचानं गुणायचं, नवानं भागायचं. एकसष्ट म्हणजे सोळाच निघाले. मग मी झोप सोडून वाचत बसले. फॅरनहाइटनं १७२४ मध्ये शून्य धरलं ते बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणाचं. आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजे कल्हईवाला की!" आणि सेल्सिअसची गंमत तर औरच. १७४२ च्या त्याच्या मूळ पट्टीत पाणी शून्यावर उकळायचं आणि शंभरावर गोठायचं. तो गेल्यावर ती उलटी झाली. राहिली असती तर ह्यांनी आकडा वाढवत वाढवत नेला असता आणि माझं बिल बघून स्वतःच कौतुक केलं असतं.

रिमोट परत सेल्सिअसवर आणायचं मात्र राहून गेलंय. म्हणजे मी राहू दिलंय. ह्यांना सांगितलंय, अमेरिकन पद्धतीत एकोणऐंशी म्हणजे आपले सतरा. खरे होतात सव्वीस. हे येतात, एकोणऐंशी बघतात, "आता कसं!" म्हणतात आणि पंख्याखाली घोरायला लागतात. ब्लॉग वाचायची त्यांना सवय नाही, ते एक बरं आहे.

आत्यांना मी काही सांगितलेलं नाही. पण काल रात्री पाणी प्यायला उठले तर मफलर खुंटीला होता आणि वाकळ कमरेपर्यंत खाली.