तुम्ही विचारलंत म्हणून: एचडीआर किती मारायचं?

कुणीतरी नवा कॅमेरा गळ्यात घालून दुकानात येतो आणि चहा यायच्या आत विचारतो, "दादा, एचडीआर किती मारायचं?" जुन्या गिऱ्हाइकांचा प्रश्न वेगळा: "पूर्वी तुमचे फोटो कसले भारी असायचे, आता असे फिके का?" एचडीआर म्हणजे एकाच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम जोडून एक फोटो करणं. दोन्हींचं उत्तर एकच आहे आणि ते काउंटरवर उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून इथं लिहितोय, एकदाचं.

आधी ते भारी फोटो. 2012 च्या पावसाळ्यात मी गोकाकचा धबधबा काढला होता. फुगलेली घटप्रभा, 52 मीटरवरून कोसळणारं तांबडं पाणी, वर झुलता पूल. दोन स्टॉप कमी, एक बरोबर, दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अशा तीन फ्रेम जोडल्या आणि कॉम्प्युटरवर टोन मॅपिंगचे सगळे स्लायडर उजवीकडे नेऊन टेकवले. पाण्याची काकवी झाली, आभाळ वांग्याच्या रंगाचं, पुलाच्या तारांभोवती देवाच्या फोटोत असते तसली पांढरी प्रभावळ. पुलावरून एक माणूस चालत होता, तो तीन ठिकाणी अर्धा अर्धा उमटला. हा फोटो मोठा करून मी दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावला. लोक थांबून बघायचे. "पेंटिंग वाटतंय की हो!" म्हणायचे, आणि मला ती स्तुती वाटायची.

आज त्या पोराच्या, म्हणजे तेव्हाच्या माझ्याच, एक कानाखाली ठेवून द्यावीशी वाटते. पण त्याच फोटोनं मला पुढची दोन वर्षं कामं मिळवून दिली, हेही सांगायला हवं. शिवाय तो एका बाबतीत चुकत नव्हता. डोळ्याला दिसतं ते सगळं कॅमेऱ्याच्या एका फ्रेममध्ये मावत नाही. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत जा, 1204 सालचं देऊळ आहे. उन्हातून आत पाऊल टाकलं की आधी काही दिसत नाही. जरा थांबलं, डोळे सरावले, की छतातलं दगडी कमळ पाकळी पाकळी करून उलगडतं. कॅमेऱ्यात मात्र एक तर दार पांढरंफटक, नाहीतर कमळ काळंठिक्कर. चांगला सेन्सर चौदाएक स्टॉप पकडतो, छापील कागदावर जेमतेम सहा-सात मावतात. उरलेलं दाबून बसवावंच लागतं, आणि त्या दाबून बसवण्यालाच टोन मॅपिंग म्हणतात. ही फसवणूक म्हणायची तर 1850 च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आभाळ दुसऱ्यावरून छापणाऱ्या फ्रेंच फोटोग्राफर गुस्ताव्ह ल ग्रेपासून सुरुवात करा. "नॅचरल ठेवा हो" असं मला व्हॉट्सॅपवर कळवणाऱ्यांचा फोनसुद्धा, त्यांना न विचारता, चार-सहा फ्रेम जोडूनच फोटो देत असतो. त्याचं कुणाला काही वाटत नाही. माझंच का वाटतं?

तर मग हात का आखडला, ते सांगतो.

2019 चा ऑगस्ट. आत्याचं घर खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठच्या गावात. कच्च्या विटांचं, कौलारू. दोन दिवस घरात पाणी होतं. ओसरल्यावर नुकसानभरपाईसाठी सरकारी पाहणी होणार असं कळलं. ए, बी, सी अशी वर्गवारी होती. ए म्हणजे पूर्ण पडलेलं घर, त्याला 5 लाख; सी म्हणजे थोडी मोडतोड, त्याला 50 हजार. आत्येभाऊ म्हणाला, "तू फोटोग्राफर हाईस की, चांगले फोटो काढून दे, फाइलला लावतो."

मागची भिंत पोटातून फुगली होती. कोपऱ्यात काळोख, आणि कौलं गेली होती तिथून उन्हाचा झोत आत. साध्या फ्रेममध्ये झोत तेवढा दिसे, फुगवटा गायब. म्हणजे एचडीआर लागणारच होतं. ट्रायपॉड चिखलात रुतवून पाच फ्रेम घेतल्या. इथपर्यंत मी आजही बरोबर आहे.

रात्री दुकानात बसून त्या जोडल्या. भिंत दिसली, फुगवटा दिसला. तिथं थांबायचं होतं. पण दिवसभर आत्याला चिखलातून वाट्या-चमचे वेचताना बघितलं होतं, आणि त्यापुढे स्क्रीनवरची भिंत मला फारच सौम्य वाटायला लागली. लोकल कॉन्ट्रास्ट, म्हणजे बारीक बारीक तपशिलातला उजेड-अंधाराचा फरक, चढवला. केसाएवढ्या भेगा बोटाएवढ्या झाल्या. छातीच्या उंचीवरची पाण्याची रेघ डांबरानं ओढल्यासारखी दिसू लागली. खोटं तर काही घातलेलं नाही, भेगा होत्याच, मी फक्त वर आणतोय, असं स्वतःला समजावत राहिलो.

पाहणीचे साहेब आले. आठ बाय बाराची ग्लॉसी प्रिंट हातात घेऊन भिंतीपाशी गेले आणि ती भिंतीच्या शेजारी धरली. अंगठ्याचं नख आधी फोटोतल्या भेगेवरून फिरवलं, मग भिंतीतल्या. नख आत शिरलं नाही. बरोबरच्या माणसाला म्हणाले, "फोटोदाग ब्यारे, इल्ली ब्यारे." फोटोत वेगळं, इथं वेगळं. रागानं नाही, भाजीचा भाव सांगावा तसं. मग बाकीचे फोटोही त्यांनी त्याच नजरेनं चाळले. चुलीचा, भिजलेल्या भाताच्या पोत्यांचा. त्यांना मी हातसुद्धा लावला नव्हता. फुगवटा बघायला त्या कोपऱ्यापर्यंत ते गेलेच नाहीत. आत्या दारात उभी होती. तिला कन्नड माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

50 हजार मिळाले. भाऊ म्हणतो, फोटोवर काही ठरत नसतं, भिंत उभी होती म्हणून सी. असेलही. आत्यानं आजवर या विषयावर एक शब्द काढलेला नाही आणि मी विचारलेलं नाही.

तेव्हापासून मी ठरवलं की तिथं उभ्या असलेल्या माणसाला, डोळे सरावल्यावर, जेवढं दिसेल तेवढंच. कडेला प्रभावळ दिसली की स्लायडर मागे. चेहऱ्यांना लोकल कॉन्ट्रास्ट बंद, हळदीच्या फोटोंत तर मुळीच नाही. नवरीचं तोंड शेणानं सारवल्यासारखं होतं. पण हा नियमही धड टिकत नाही. माणूस म्हणजे कुठला माणूस? लहानपणीच्या उन्हाळी सुट्ट्या मी त्या घरात काढल्यात. भिंत सरळ असतानाची मला पाठ होती, म्हणून मला फुगवटा लांबूनही दिसला. साहेबांना तो स्लायडरच्या कुठल्या आकड्यावर दिसला असता? आणि गोकाकला त्या दिवशी कठड्याशी उभं राहिल्यावर पायाखालची जमीन थरथरत होती. माझ्या आताच्या 'बरोबर' फोटोंत ती थरथर नाही. काकवीच्या फोटोत होती की काय, अशी शंका अजून येते.

गेल्या दिवाळीत आत्या उंबऱ्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. फोटो काढला आणि लॅपटॉपवर तिला दाखवला.

"हे काय रे, सगळं काळं काळं. उजळ कर की जरा."

म्हटलं, "आत्या, घरात असंच दिसतं."

"घरात कसं दिसतं ते मला ठाऊक हाय. कर."

शॅडोचा स्लायडर वीसवर नेला. "आणखी," म्हणाली. चाळीसवर तिच्या पाठीमागची भिंत दिसायला लागली. भावानं नंतर बांधलेली, सिमेंटची.

"हां, आता बरं," म्हणाली आणि परत शेंगांना लागली.