तुम्ही विचारलंत म्हणून: नेलपेंट विकायला का काढत नाहीस?

मी घरी हौसेनं नेलपेंट बनवते, म्हणून हा प्रश्न मला हळदीकुंकवात, पतसंस्थेच्या काउंटरवर, रत्नागिरी स्टँडवर आणि एकदा तर दहाव्याच्या पंगतीत लोकांनी विचारलाय. त्याच्या आधी एक प्रश्न ठरलेला असतो: बाजारात एवढे रंग पडलेत, घरी कशाला घोटत बसतेस? त्याचं उत्तर आधी देऊन टाकते.

बाजारात बांगडा माशाचा रंग दाखवा मला. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर सकाळी पाटीतला ताजा बांगडा बघा. पाठीवर निळा-हिरवा, त्यावर अंगाच्या लांबीनं काळसर पट्टे, आणि पोटाकडे वळताना रुपेरी होताहोता मध्येच एक गुलाबी झाक. घरी आणून धुवेपर्यंत निम्मा रंग गेलेला असतो. तो रंग नखावर यायला मला दोन पावसाळे लागले. हिरवा आणि निळा घोटून जमत नाही, त्याचा शेवाळी चिखल होतो. खाली काळा थर द्यायचा आणि वर रंग परतवणारी अभ्रकाची बारीक पूड. पांढऱ्या नखावर ही पूड जवळजवळ दिसत नाही, काळ्यावर पेटते. पूर्वी नेलपेंटमधली मोत्यासारखी झाक माशांच्या खवल्यांतल्या ग्वानिन नावाच्या चमकदार द्रव्यानं आणायचे, हे मी वाचलं तेव्हा सासूबाईंना मुद्दाम सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता नखंही सोवळ्यात चालायची नाहीत."

जांभा मात्र एका बैठकीत जमला. चिऱ्याला तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो, आणि माझ्याकडच्या पुडीतही तेच असतं. थोडा पिवळा, चिमूटभर काळा, झालं. पावसात भिजलेला चिरा हवा असेल तर काळा किंचित जास्त.

यात बचत नाही, हेही आताच कबूल करते. एक बाटली मला बाजारातल्या तीन बाटल्यांना पडते. पडवीत बसून सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर पूड तोलायची, तयार बेसमध्ये, म्हणजे बिनरंगी नेलपेंटमध्ये, घोटायची, स्टीलचे दोन छर्रे टाकून हलवायची, पांढऱ्या प्लास्टिकच्या चमच्यांवर लावून उन्हात बघायची. पडवीत अशासाठी, की बेसमध्ये नायट्रोसेल्युलोज असतं, म्हणजे नखावर थर धरणारं द्रव्य, आणि ते उडत्या, चटकन पेट घेणाऱ्या द्रावकात विरघळवलेलं असतं. घरभर पिकल्या केळ्यासारखा गोडूस वास सुटतो, आणि आमच्याकडे संध्याकाळी देवापुढे समई लागते. समई लागली की माझा पसारा बंद.

आता विकण्याचं.

माझं नेहमीचं उत्तर असं: सौंदर्यप्रसाधनं विकायला बनवायची तर परवाना लागतो. 2020 चे कॉस्मेटिक्स नियम आहेत, पडवीत बसून तो परवाना मिळत नाही. शिवाय हा ज्वालाग्राही माल, साध्या पार्सलनं पाठवता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मी त्या इतक्या घाईनं सांगते की समोरच्याला कळावं, बाईच्या पोटात आणखी काहीतरी आहे.

आहे. माझ्या आतेबहिणीचं लग्न.

ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, तुम्हांला नाही. लग्न जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या तोंडावर. मे महिन्यात मी आत्याकडे लांज्याला गेले होते. अंगणात आमसुलं वाळत पडली होती. बहिणीनं त्यातलं एक उचललं, रसाची पुटं चढून काळंकुट्ट झालेलं, आणि उन्हासमोर धरलं. मधे काळं, कडेला लालभडक. म्हणाली, "ताई, मला लग्नात हा रंग दे."

कुणी माझ्याकडे असं काही पहिल्यांदाच मागत होतं. मी हुरळले, हे लिहायला लाज कसली.

पुडी घोटून तो रंग होईना. पूड अपारदर्शक, ती नखावर भिंतीला दिल्यासारखी बसते. उजळ करायला टिटॅनियमचा पांढरा घातला तर सोलकढी. आमसुलाचं सगळं वैभव त्या कडेच्या लालात आहे, जिथून ऊन आरपार जातं. तेव्हा मी पूड सोडून विरघळणारा रंग घेतला. एक थेंब बेसमध्ये टाकला आणि बाटली ट्यूबलाइटसमोर धरली. हुबेहूब आमसूल. रात्री अकरा वाजता मी एकटी पडवीत हसत होते.

माझी एक वही आहे, तिच्यात मापं लिहिते. त्या दिवशीच्या पानावर खाली माझ्याच अक्षरात आहे: "चमचा पुसला तरी लाल राहतो. डाग? बघू."

बघितलं नाही. ते "बघू" अजून मला वहीतून बघतं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पाऊस सुरू झाला. हॉलच्या वरच्या खोलीत आम्ही आठ-दहा बायका, ओल्या साड्या दोरीवर, खिडक्या बंद. मी तिच्या दहाही नखांवर दोन-दोन हात दिले. खालून बेसकोट, म्हणजे रंगाखालचा बिनरंगी हात, दिला नाही, कारण रंग आरपार दिसायला हवा होता ना! लवकर वाळावं म्हणून कुणीतरी टेबलफॅन हातांवर सोडला. पाचेक मिनिटांत नखांवर पांढरट साय आली. आमसुलाला बुरशी लागली की दिसतं, अगदी तसं. आता मला कारण माहीत आहे: द्रावक भराभर उडताना थर गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि नायट्रोसेल्युलोज पांढरं फुटतं. फॅननं ते वाढतंच. कोकणातल्या पावसात फॅन लावून नेलपेंट वाळवणं म्हणजे पापड पावसात टाकणं. पण त्या वेळी मी एवढंच म्हटलं, "थांब, पुसून परत लावते."

पुसलं. आणि तो विरघळणारा रंग रिमूव्हरबरोबर नखावरून कातडीवर उतरला. नखांच्या कडा, बोटांची पेरं, मेंदीच्या नक्षीमधल्या मोकळ्या जागा, सगळं लाल. मी घासत गेले तसं ते पसरत गेलं. नखं खाली नारिंगी पडली होती, ती तशीच. दिवसभर रातांबे फोडून आल्यासारखे हात. बहीण काही बोलत नव्हती. तिनं हात माझ्या हातातून काढूनही घेतले नाहीत, तेच जास्त झालं मला. शेवटी तिच्या मावशीनं पर्समधून बाजारातली साधी मरून बाटली काढली आणि दोन मिनिटांत काम उरकलं. तिच्यावर साय आली नाही, कारण तोवर कुणीतरी फॅन बंद करून खिडकी उघडली होती. माझ्यासाठी कुणी उघडली नव्हती, असं मी नंतर खूप दिवस मनात म्हणत असे.

आत्या दारातून सगळं बघत होती. ती एवढंच म्हणाली, "हौस तुझी, आणि हात तिचे."

फोटो आलेत. अंतरपाटाच्या फोटोत माळ धरलेली बोटं स्वच्छ दिसतात: नखं मरून, पेरं लाल. फोटोग्राफरला वाटलं असेल मेंदी पसरली. मला तो अल्बम दाखवायला कुणी काढला की मी चहा ठेवायला उठते.

नंतर वाचत बसले तेव्हा कळलं, रेव्हलॉन या अमेरिकन कंपनीनं 1932 साली धंदा सुरू केला तोच विरघळणाऱ्या रंगांऐवजी पूड घातलेलं, अपारदर्शक नेलपेंट काढून. जगाला हे तेव्हापासून ठाऊक आहे. मला लांज्याच्या लग्नात कळलं.

आता माझी बाजू. मागितलं तिनं होतं. तिथी मी काढली नव्हती, पाऊस मी आणला नव्हता. चार दिवसांत कातडी स्वच्छ झाली, नखं वाढून गेली. केकवाल्या बायकांचे केक फसतात, ब्लाउज बगलेत घट्ट होतात, त्यांनी धंदे बंद केले का? असं मी स्वतःशी कितीदा तरी भांडले आहे. आणि दर वेळी ते वहीतलं पान आडवं येतं. रंग फसला असता तर मी चालवून घेतलं असतं. मला आधी दिसलं होतं, आणि तरी मी दुसऱ्याच्या हातावर लावलं.

मग तुम्ही म्हणाल, आता तर तुला सगळं येतं. येतं. प्रत्येक रंग आधी माझ्याच डाव्या हातावर आठवडाभर राहतो, बेसकोटशिवाय आणि बेसकोटसकट. ग्लिटर घातलं तर वेगळ्या बाटलीत महिनाभर ठेवून बघते, कारण हस्तकलेच्या दुकानातलं ग्लिटर द्रावकात रंग सोडतं. जून ते सप्टेंबर मी कुणाला नखंही लावून देत नाही. तरी बाटलीवर किंमत लिहायची म्हटलं की हात थांबतो. हा शहाणपणा आहे की भित्रेपणा, ते मी ठरवलेलं नाही. आमच्या ह्यांचं मत भित्रेपणा. आत्याला विचारायची सोय नाही.

तेव्हा परवान्याचं उत्तर मी यापुढेही देत राहीन, ते सोपं पडतं. ज्यांना खरं हवं होतं त्यांच्यासाठी हे वर लिहिलं.

गेल्या महिन्यात बहिणीचाच मेसेज आला. भाच्याची मुंज आहे, "तो आमसुली जमला का गं पुढे?" जमलाय. पुडीचाच, पण अगदी कमी पूड आणि तीन पातळ हात, कडेला लाल दिसतो. तो आमसूल नाही, आमसुलाचा चुलत भाऊ आहे. दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, "मुंज कधी आहे? पावसाच्या आधी ना?"