गप्प खोका

कॉम्प्युटरच्या खोलीत आणखी एक खोका येणार म्हटल्यावर आईने विचारलं, "केर कुठून काढायचा?" आणि बाबांनी विचारलं, "कशाचा करणार?" आईला मी उत्तर दिलं नाही. बाबांना दिलं, आणि तिथेच फसलो.

झालं होतं असं, की टेबलावरचे दोन चिमुकले स्पीकर गाणाऱ्याचा गळा छान ऐकवायचे, पण तबल्यातला डग्गा त्यांच्यापर्यंत पोचायचाच नाही. वादकाने मनगटाने घिस्सा काढावा आणि आम्हाला ऐकू यावं नुसतं 'टप'. असे खालचे सूर वाजवायला तयार बफर मिळतात (सबवूफर हा शब्द कागदावरचा, दुकानात सगळे बफरच म्हणतात). पण मला तो स्वतः करायचा होता. पुण्याच्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, आठ इंची वूफर (बफरच्या पोटातला स्पीकर) आणि अ‍ॅम्प्लिफायर आणला, आता भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन एमडीएफ आणायचं, एवढंच बाबांना सांगितलं.

"म्हणजे तो दाबलेला भुसा?" बाबा म्हणाले. "माळ्यावर आजोबांच्या पलंगाच्या सागवानी फळ्या आहेत की!"

आता यांना कसं सांगावं? तंबोऱ्याचा भोपळा बोलला पाहिजे, त्यावरची लाकडी तबकडी बोलली पाहिजे. मिरजेत पिढ्यान् पिढ्या कारागीर त्यासाठी खपले. बफरचं नेमकं उलटं. त्याचा खोका मुका हवा. आत वूफर हवा ढकलणार, त्या धक्क्याने फळ्या थरथरल्या तर त्या आपला सूर मध्येच मिसळणार. शिवाय सागवान कितीही गुणी असलं तरी शेवटी लाकूडच, पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आकसणार, आणि एखादा जोड सुटला की तिथून हवा फुसफुसणार. एमडीएफला ना रेषा ना गाठ. अठरा मिलिमीटरच्या फळीवर टिचकी मारली की 'ठक' करून गप्प. बाबांनी मारून पाहिली. "मेलेलं आहे," म्हणाले. मी म्हटलं, तेच हवंय.

खोका गप्प असला तरी आतली हवा मात्र गाते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की घुमतं ना, तेच. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने याचं गणित मांडलं. पण कुठल्या वूफरला केवढा खोका, हे बराच काळ अंदाजपंचेच चालायचं. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील या इंजिनिअरांनी आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते सूत्रांत बसवलं. त्या पुण्याईवर माझा हिशेब निघाला: आतून ३० बाय ३० बाय ३३ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तीस लिटर, आणि बाटलीच्या गळ्याऐवजी ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, लांबी २१ सेंटिमीटर. घुमणार साधारण ३८ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३८ कंपनांच्या खोल सुराला. नळकामाच्या दुकानात "वीतभर पाइप द्या" म्हटल्यावर दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती इथे लिहीत नाही.

फळ्या कापून देणारे सुतारमामा "सूतभर इकडेतिकडे चालतं" म्हणाले होते. चालत नाही. तो सूतभर फरक मी दोन रविवार कानस घासून भरून काढला. क्लॅम्प चारच होते, म्हणून फेविकॉल लावलेल्या खोक्यावर गव्हाचा डबा आणि पाटा-वरवंटा ठेवून रात्र काढली. सकाळी आईला चटणी वाटायची होती.

पहिल्यांदा चालू केला तर गाण्याआधीच 'हूंऽऽ'. कॉम्प्युटर एका सॉकेटवर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यावर, त्यामुळे आपल्या विजेचे ५० हर्ट्झ अर्थिंगच्या वाटेने आत शिरले होते. दोन्ही पिना एकाच पट्टीत खोचल्यावर ते थांबलं. पण गाण्यातला तोच सूर अजूनही भलताच फुगून यायचा. आमची खोली अकरा फूट लांब. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर अशा खोलीत दोन भिंतींमध्ये जी लाट अडकून पडते ती बरोबर ५१ हर्ट्झच्या आसपासची. भिंतीशी तिचा महापूर, मधोमध दुष्काळ. वीज मंडळ आणि आमच्या इमारतीचा आर्किटेक्ट यांनी संगनमत केल्यासारखं!

यावर एक जुनी युक्ती आहे. बफर आपल्या बसायच्या खुर्चीत ठेवायचा, आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं. कानाला जिथे खर्ज नीट, सारखा लागेल तिथे बफरची जागा. मी कपाटाच्या कोपऱ्यात डोकं घालून ऐकत होतो तेव्हा बाबा दारात आले.

"काय हरवलंय?"

"काही नाही, ऐकतोय."

ते खुर्चीत बसवलेल्या खोक्याकडे पाहून निघून गेले. जागा सापडली ती दारामागच्या भिंतीपासून दोन हातांवर. नेमकी केराची.

त्या संध्याकाळी डग्गा आला. म्हणजे ऐकू आला असं नाही, आधी मांडीला कळला, मग कानाला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही कळला असावा. "अरे, गिरण घातलीस का वर?" असं विचारायला त्या स्वतः जिना चढून आल्या, आणि जाताना किशोरीताईंचं काही आहे का म्हणून बसल्या तासभर.

परवा पाहतो तर खोक्यावर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर पितळी फुलदाणी. गाणं लावलं आणि खर्जावर 'किर्रर्र' सुरू. बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "गप्प असतो म्हणाला होतास ना?"

फुलदाणी उचलली. खाली सागवानाची एक छोटी फळी होती, छान कागद मारून पॉलिश केलेली. खोक्याच्या बरोब्बर मापाची.