ना होकार, ना नकार

रविवार, रात्री.

अमेरिकी राजकीय तत्त्वज्ञ जूडिथ श्क्लार यांनी १९८९ मध्ये अमेरिकन कौन्सिल ऑफ लर्नेड सोसायटीज या संस्थेपुढे आपल्या अभ्यासजीवनाविषयी दिलेले व्याख्यान आज एका बैठकीत वाचून काढले. प्राध्यापकांच्या आत्मकथनांच्या वाटेला मी सहसा जात नाही, कारण त्यांत पदे, पारितोषिके आणि परदेश दौरे यांचीच जंत्री अधिक असते. या बाईंनी मात्र आयुष्यातला सर्वांत थरारक भाग थोडक्यात आटोपला आहे आणि उरलेली जागा वाचन व अध्यापन यांना दिली आहे.

थरार काही कमी नव्हता. त्यांचा जन्म १९२८ मध्ये लाटव्हियातील रीगा शहरात, जर्मन बोलणाऱ्या ज्यू कुटुंबात झाला. १९३९ मध्ये कुटुंब घरदार सोडून स्वीडनला गेले; जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केल्यावर तेथेही राहणे धोक्याचे झाले, तेव्हा ट्रान्स-सैबेरियन रेल्वेने अख्खा रशिया ओलांडून जपान आणि जपानहून सिएटल असा प्रवास घडला. तेथे बेकायदा स्थलांतरितांच्या कोठडीत काही आठवडे काढल्यावर अखेर कॅनडातील माँट्रियलला बस्तान बसले. या पायपिटीचा स्वभावावर काय परिणाम झाला, असे कोणी विचारलेच, तर काळ्या विनोदाची कायमची गोडी लागली, एवढेच त्या सांगत. पुढे मॅकगिल विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांना प्रवेशासाठी ७५० गुण लागत आणि इतरांना ६०० पुरत, हेही त्यांनी अशाच कोरड्या सुरात नोंदवले आहे. तेथे त्या अर्थशास्त्र शिकायला गेल्या होत्या, पण चलन आणि बँकव्यवहार यांच्या अभ्यासात जीव रमेना. फ्रेडरिक वॉटकिन्स या अमेरिकी प्राध्यापकाचा राजकीय विचारांच्या इतिहासाचा वर्ग त्यांनी केला आणि आयुष्यभर काय करायचे ते ठरून गेले. वॉटकिन्स यांनीच त्यांना हार्वर्डची वाट दाखवली.

व्याख्यानातला हार्वर्डचा भाग मी दोनदा वाचला. १९५५ मध्ये पीएच.डी., लगेच शासनशास्त्र विभागात अध्यापन, १९५७ मध्ये पहिले पुस्तक, १९६४ मध्ये दुसरे, आणि याच काळात संसार व मुले. कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा मात्र विभागाच्या तोंडून ना होकार निघेना, ना नकार. विद्वत्तेबद्दल कोणाची तक्रार असावी असे दिसत नाही, पण प्राध्यापकाच्या खुर्चीवर बाई बसवायची कशी, हा पेच त्या सभ्य गृहस्थांना सोडवता येत नव्हता. तेव्हा श्क्लार स्वतःच अधिष्ठात्यांकडे गेल्या आणि व्याख्याता या पदावर, अर्धवेळ, पण नोकरीची शाश्वती असलेली नेमणूक मागून घेतली. आपली किंमत काय हे इतरांनी सांगेपर्यंत ताटकळत बसण्यापेक्षा हे बरे, असा त्यांचा हिशेब होता. १९७१ मध्ये त्या विभागातील पहिल्या कायम स्त्री-प्राध्यापक झाल्या. १९८४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली आणि पुढे अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशनच्या अध्यक्षपदावर येणारी पहिली स्त्री म्हणूनही त्यांचीच नोंद झाली.

हे वाचताना त्यांचे १९९० मधले ‘द फेसेस ऑफ इन्जस्टिस’ हे पुस्तक सारखे आठवत राहिले. त्यात इटलीतील पादुआ येथील, जोत्तो या जुन्या इटालियन चित्रकाराच्या भित्तिचित्राचे वर्णन आहे. अन्याय तेथे मानवी रूपात बसला आहे: तडे गेलेल्या वेशीच्या कमानीत एक पुरुष, हाताची नखे पंजासारखी वाढलेली, चेहरा एका बाजूला वळलेला; समोर झाडे माजली आहेत आणि खाली त्याच्या पायाशी लूटमार व स्त्रीवर बळजबरी चालू आहे. तो स्वतः काही करत नाही, तिकडे बघतही नाही. श्क्लार यांनी प्राचीन रोमन विचारवंत सिसेरोपासून चालत आलेली निष्क्रिय अन्यायाची कल्पना या चित्राच्या आधारे फार बारकाईने मांडली आहे. अन्याय करणाऱ्याइतकाच, तो थांबवता येत असताना मान फिरवणारा नागरिक आणि अधिकारीही अन्यायी असतो, आणि एखाद्याच्या वाट्याला आलेले दुःख दैवाचे की माणसांच्या करणीचे, हे ठरवताना ज्याने ते सोसले त्याचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. विभागातल्या त्या न घेतलेल्या निर्णयाला मी याच चित्राशेजारी ठेवते. व्याख्यानात श्क्लार यांनी हा संबंध जोडलेला नाही, आणि मला वाटते, स्वतःचे उदाहरण तत्त्वचिंतनात पुरावा म्हणून पुढे करणे त्यांना पटलेही नसते.

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचा न्यायावरचा महाग्रंथ १९७१ चाच, म्हणजे श्क्लार यांना कायमपद मिळाले त्याच वर्षीचा. दोघे एकाच विद्यापीठात होते, एकमेकांविषयी आदर होता, पण वाटा निराळ्या. रॉल्स न्याय्य समाजाचा आराखडा तत्त्वापासून बांधत जातात. श्क्लार विचारतात की माणसांचे सर्वांत वाईट काय होऊ शकते, आणि ते टाळायचे कसे. सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार माँतेन्य हा त्यांचा आवडता लेखक, आणि सर्व दुर्गुणांत क्रौर्याला पहिला क्रमांक देण्याचे धैर्यही त्यांनी त्याच्याकडूनच घेतले. ज्या उदारमतवादाला त्यांनी भयाचा उदारमतवाद म्हटले, त्याची अपेक्षा दिसायला लहान आहे: पोलीस, तुरुंग आणि सैन्य हाती असलेल्या सत्तेची धास्ती न बाळगता प्रत्येक प्रौढ माणसाला आपल्या आयुष्याचे निर्णय घेता यावेत. ज्यांनी ती धास्ती कधी अनुभवली नाही त्यांनाच ही अपेक्षा किरकोळ वाटते.

माझे एका ठिकाणी त्यांच्याशी जमत नाही. आपण खऱ्या अर्थाने स्त्रीवादी नाही, कारण चळवळीत शिरून सामूहिक श्रद्धा स्वीकारणे म्हणजे बुद्धीशी प्रतारणा होय, असे त्या म्हणतात. बुद्धिनिष्ठा मान्य, पण अधिष्ठात्यांकडे एकटीने जाऊन तोडगा काढण्याची धमक आणि संधी प्रत्येकीजवळ नसते, आणि मग मान फिरवून बसलेल्यांना वळवण्यासाठी एकत्र येण्याखेरीज कोणता मार्ग उरतो, याचे उत्तर मला त्यांच्या लेखनात सापडले नाही. भयाच्या पलीकडे मात्र त्या नक्की गेल्या. १९९१ मधल्या अमेरिकी नागरिकत्वावरच्या छोट्या पुस्तकात मतदान आणि स्वकष्टाची कमाई या दोन गोष्टी माणसाच्या सामाजिक प्रतिष्ठेच्या खुणा कशा ठरल्या, हे त्यांनी गुलामगिरीच्या इतिहासातून दाखवले आहे: गुलामाला या दोन्ही नाकारलेल्या होत्या, म्हणूनच स्वतंत्र माणसाला त्यांचे एवढे मोल वाटले. त्यामुळे बेकारी हा केवळ पैशाचा प्रश्न राहत नाही, नागरिकत्वाचा होतो, आणि पोटापुरती कमाई देणारे काम उपलब्ध करण्याची जबाबदारी समाजावर येते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९२ मध्ये, चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर आला असताना त्या गेल्या. रोजगाराच्या हक्काचा हा धागा पुढे कोणी किती नेला, ते आता शोधायचे आहे.