जेनेरिक टाइप इन्फरन्स: पातळ्यांचा हिशेब अखेर जुळला

माझ्या छोट्या प्रोग्रामिंग भाषेच्या टाइप चेकरमधला सगळ्यात चिवट दोष या आठवड्यात हाती लागला. चेकर म्हणजे अंक, मजकूर असे मूल्यांचे प्रकार (टाइप) जुळतात का हे प्रोग्राम चालवण्याआधी पाहणारा भाग. माझा चेकर हिंडली-मिलनर पद्धतीचा आहे: कुठेही टाइप न लिहिता तो स्वतः शोधतो (हेच इन्फरन्स) आणि 'धरा'ने नाव दिलेलं फंक्शन शक्य असेल तिथे जेनेरिक, म्हणजे कुठल्याही टाइपला चालणारं, करतो. हा प्रोग्राम ('फल' म्हणजे फंक्शन) मात्र तो बिनतक्रार पास करत होता:

फल(क्ष) →
  धरा निवड = फल(य) → जर खरे तर क्ष नाहीतर य
  निवड(5) + 1

या फंक्शनला "सांगली" हा मजकूर दिला, तरी चेकर गप्प. चालवताना मजकुरात 1 मिळवायची वेळ आली की सगळं कोसळायचं. आणि गंमत पाहा, 'जर'मधल्या 'क्ष' आणि 'य' यांच्या जागा अदलाबदल केल्या की तोच चेकर चूक बरोबर पकडायचा!

इथे प्रत्येक टाइप व्हेरिएबलला (अजून न ठरलेल्या टाइपच्या जागेला) पातळी असते, म्हणजे ते किती 'धरा'च्या आत जन्मलं. मोजणी 1 पासून, म्हणून 'क्ष'ची पातळी 1, 'य'ची 2. 'धरा'तून बाहेर पडताना बाहेरच्या पातळीपेक्षा खोल असलेली व्हेरिएबल तेवढी जेनेरिक करायची. ही युक्ती दिदिए रेमी यांची, आणि ओकॅमल ही भाषा आजही तीच वापरते. 1982 च्या दामास-मिलनर मांडणीप्रमाणे दर 'धरा'ला संपूर्ण एन्व्हायर्नमेंटमधली (तिथे माहीत असलेली सगळी नावं आणि त्यांचे टाइप) मोकळी व्हेरिएबल शोधावी लागतात. उत्तर तेच येतं, पण प्रोग्राम वाढला की ते फार महाग पडतं.

दोष होता युनिफिकेशनमध्ये, म्हणजे दोन टाइप एकच आहेत असं धरून जुळवण्यात. 'जर'च्या दोन फांद्या जुळवताना 'क्ष'चं व्हेरिएबल 'य'च्या व्हेरिएबलला बांधलं जायचं. पातळी 1 तिथेच हरवायची, उरायची 2. मग ते जेनेरिक ठरायचं आणि 'निवड'चा 'क्ष'शी संबंधच तुटायचा. उलट दिशेने बांधलं तर पातळी 1 टिकते, म्हणून अदलाबदलीनंतर सगळं ठीक.

उपाय लहान आहे. व्हेरिएबल ज्या टाइपला बांधायचं, त्याच्या आतल्या प्रत्येक व्हेरिएबलची पातळी दोघांतल्या लहान पातळीवर आणायची. यादीच्या आत यादी असली तरी तळापर्यंत. ऑकर्स चेकसाठी (व्हेरिएबल स्वतःच्याच आत येत नाही ना, ही तपासणी) तो टाइप आपण पूर्ण फिरतोच, त्याच फेरीत हे काम उरकतं. वेगळी फेरी लागत नाही. मला हे फार देखणं वाटतं.

तुम्ही असं काही लिहीत असाल तर एक आग्रह: युनिफिकेशनची प्रत्येक चाचणी दोन्ही बाजू उलटवूनही चालवा. असे दोष दिशेच्या आड लपतात.

सोबत व्हॅल्यू रिस्ट्रिक्शनही (काय जेनेरिक करायचं यावरचं बंधन) बसवलं. बदलता येणारी रिकामी पेटी जेनेरिक झाली, तर अंक ठेवून मजकूर म्हणून बाहेर काढता येतो. अँड्र्यू राइट यांचा 1995 चा नियम मी जसाच्या तसा घेतला: उजवीकडे फंक्शन, स्थिर मूल्य, नुसतं नाव किंवा अशांपासून बनलेली रचना असेल तरच जेनेरिक. त्यामुळे उजवीकडे फंक्शनला हाक असलेलं 'धरा उलटा = घडी(जोड, [])' आता जेनेरिक होत नाही; 'फल(य) → घडी(जोड, [], य)' असं लिहावं लागतं. एवढी किंमत मला मान्य आहे.

पुढचं काम पॉलिमॉर्फिक रिकर्शनचं, म्हणजे फंक्शन स्वतःलाच वेगळ्या टाइपने हाक मारतं त्याचं. त्याचं इन्फरन्स सर्वसाधारणपणे अनिर्णेय (कुठल्याही चेकरला नेहमीच ठरवता न येणारं) असल्याचं सिद्ध झालंय, त्यामुळे तिथे प्रोग्रामरने टाइप लिहून द्यायचा. त्याचं व्याकरण ठरलंय, पार्सरमध्ये (प्रोग्रामचा मजकूर वाचणाऱ्या भागात) घालायचं बाकी आहे.