सुई सोपी, क्लेम अवघड

जबड्याच्या स्नायूत ट्रिगर पॉइंट इंजेक्शन, म्हणजे आखडलेल्या दुखऱ्या गाठीत सुई, घ्यायचं म्हणून घाबरून बसला असाल, तर सुईचं टेन्शन घेऊ नका. बिलावर काय लिहिलंय ते आधी बघा.

मला तर्री पोह्यातला चणा चावला की उजव्या दाढेत कळ यायची. एक्स-रेत दाढ ठणठणीत. शेवटी नागपुरात धंतोलीत दुखण्यावर उपचार करणाऱ्या पेनच्या डॉक्टरांनी गालावर बोट दाबलं आणि कळ थेट दाढेत गेली! चावायच्या स्नायूत, मॅसेटरमध्ये, गाठ होती. बारीक सुईने तिथे लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध सोडलं. सुई नेमकी गाठीत गेली तेव्हा स्नायू टचकन उडाला. झालं काम.

आता मेडिक्लेम. आमच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडीचे पैसे मिळतात, दातांचे नाही. बिलावर नुसतं 'टीएमजे इंजेक्शन', म्हणजे जबड्याच्या सांध्याचं. क्लेम नामंजूर, कारण 'डेंटल'. फोन केला तर पलीकडून गोड आवाजात, "मॅडम, जबडा म्हणजे डेंटलच ना?" अहो बाई, गालाच्या स्नायूला दात कधी फुटले? डॉक्टरांचं पत्र नेऊन दिलं, तर म्हणे रजिस्ट्रेशन नंबर नाही. नंबर टाकून आणला, तर पोर्टलला फोटो चालेना, पीडीएफच पाहिजे. पीडीएफ चढवली आणि दुसऱ्या दिवशी मेसेज: प्रतिसाद न मिळाल्याने क्वेरी बंद. काय म्हणावं बाप्पा!

मग कस्टमर केअर सोडलं आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी मेल टाकला. निदान 'मायोफेशियल पेन' (स्नायूचं दुखणं), स्नायू मॅसेटर, दातांवर कोणतेही उपचार नाहीत, असं स्पष्ट लिहिलेलं पत्र जोडलं. पैसे आले. रक्कम फार नव्हती, पण मी सोडणार नव्हते. तिथेही दाद लागली नसती तर विमा नियामकाचं (आयआरडीएआय) तक्रारींचं बीमा भरोसा पोर्टल होतं, त्यापुढे विमा लोकपाल. लोकपालाकडे फी लागत नाही.

तेव्हा बिल हातात घेतानाच स्नायूचं नाव लिहून घ्या.

हो, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुईआधीच सांगा. गाल बधिर असेपर्यंत काही चावू नका, जीभ-गाल चावले जातात. मग एक-दोन दिवस जागा दुखते, कोमट शेक पुरतो. आणि दात आवळायची सवय गेली नाही तर दुखणं परत येतं. मला तर क्लेमच्या फोनवरच दात आवळल्याचं लक्षात यायचं. ओठ मिटलेले, दात सुटे, असं ठेवायला डॉक्टरांनी सांगितलंय.